अठराशे चौऱ्याऐंशीचा जिना

हॉटेल दर्यादर्शनचं नाव निघालं की सीताराम ओव्हाळ आधी तोंडातला घास संपवायचे, पाणी प्यायचे आणि मगच बोलायचे. एकदा सुरू झाले की ताटातली भाकरी गार व्हायची, हे त्यांना माहीत होतं.

"ते हॉटेल नाही, पोस्टकार्डांची भेळ आहे," असं ते म्हणायचे. त्यांना तो अधिकार होता, कारण ती भेळ त्यांनी स्वतःच्या हाताने कालवली होती.

सीताराम आंबिवलीत वाढले. वडील मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात कामाला होते आणि मुलाने मशिनीपाशी उभं राहू नये, टेबलापाशी बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सीतारामांनी अंबरनाथच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि ठाण्याला नौपाड्यात टिपणीस नावाच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. हात इतका स्वच्छ की त्यांचा आकडा छापल्यासारखा दिसायचा. साहेब स्केच काढायचे म्हणजे सिगारेटच्या पाकिटावर चार रेघा मारायचे. त्या चार रेघांची इमारत सीतारामांनी करायची. खाली साहेबांची सही मोठी, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात, मुंगी बसावी एवढ्या अक्षरात, एस. आर. ओ.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली दर्यादर्शनचं काम आलं. मालक शेठ भिवंडीत मागांवर मोठे झालेले. उत्तनच्या पुढे समुद्राला लागून त्यांनी खडकाळ जागा घेतली होती. एका उन्हाळ्यात ते युरोप फिरून आले आणि येताना पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आले. साहेबांच्या टेबलावर पत्ते मांडावेत तशी त्यांनी ती कार्डं मांडली. एकावर घुमट, एकावर कमानींची लांब रांग, एकावर किल्ल्याच्या तटासारख्या चऱ्या, एकावर समुद्राकडे तोंड केलेला गोल बुरूज.

"यातलं कुठलं हवं?" साहेबांनी विचारलं.

"सगळंच," शेठ म्हणाले.

साहेबांना हसू आलं नाही. "होऊन जाईल," एवढं म्हणून त्यांनी कार्डं सीतारामांच्या बोर्डावर सरकवली आणि चहा मागवला.

मग सीतारामांनी घुमट, कमानी, चऱ्या आणि बुरूज एकाच इमारतीवर बसवले. घुमटाखाली पन्नास हजार लिटरची पाण्याची टाकी लपवली. बुरुजातून जनरेटरचा धूर वर काढला. लॉबीतले सागवानी दिसणारे खांब सिमेंटचे होते. कल्याणचा एक पेंटर, जो एरवी ट्रकच्या मागे कमळं काढायचा, त्याने त्यांच्यावर लाकडाच्या रेषा रंगवल्या. व्हरांड्यातल्या निळ्या-पांढऱ्या फरशा बाथरूमसाठी मागवलेल्या होत्या. नक्षी फिकी आली म्हणून बाथरूममधून बाद झाल्या आणि व्हरांड्यात गेल्या, कारण शेठना माल परत पाठवणं म्हणजे हार वाटायची. सीताराम हे सगळं काढत होते आणि मनातल्या मनात थुंकत होते.

एकच गोष्ट त्यांनी मनापासून काढली. लॉबीतला जिना.

तो त्यांच्याकडे आला तोही अपघाताने. साहेबांना कावीळ झाली, तीन आठवडे अंथरुणावर. कॉन्ट्रॅक्टर रोज ऑफिसात येऊन बसायला लागला, की जिन्याचं ड्रॉइंग द्या, माझी माणसं रिकामी आहेत. साहेबांच्या स्केचमध्ये जिन्याच्या जागी नुसती एक वेलांटी होती. सीताराम तेव्हा सव्वीस वर्षांचे. त्यांनी बॅग भरली, साईटवर गेले आणि दोन दिवस नुसते बायकांकडे बघत राहिले.

म्हणजे मजूर बायकांकडे. माल वाहणाऱ्या दहा-बारा जणी होत्या. डोक्यावर चुंबळ, त्यावर ओल्या काँक्रीटचं घमेलं, आणि लाकडी फळ्यांच्या कच्च्या जिन्याने दिवसाला शंभर फेऱ्या. त्यांच्यात सखुबाई नावाची एक होती, चाळिशीची, हाडकुळी, मुरबाडकडची. तिचं घमेलं कधी हलायचं नाही. सीतारामांनी विटा रचून त्यावर फळ्या टाकल्या, वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्यांचे तीन छोटे जिने केले आणि तिला चढायला सांगितलं.

"कशाला?" तिने विचारलं.

"आत शेठच्या पाहुण्यांसाठी जिना करायचाय."

"मग पाव्हण्यांना चढवा की."

पण ती चढली. घमेल्यासकट तिन्हीवरून चार-चार वेळा वरखाली केलं आणि म्हणाली, "ह्यो पयला उंच व्हतो, गुडघ्यात भरतं. त्यो शेवटचा लईच बुटका, पाय फसतो. मधला बरा. आन् सात झाल्या का जरा टेकायला जागा ठेवा. सातच्या वर दम लागतो."

मधल्या जिन्याची पायरी साडेपाच इंच होती. सीतारामांनी बेचाळीस पायऱ्यांचा जिना काढला, साडेपाच इंच उंच, तेरा इंच रुंद, दर सातव्या पायरीनंतर एक प्रशस्त टप्पा. मधे एकही खांब नाही, जिना भिंतीला धरून वळत वर जाणारा. लोखंडाचं गणित मुंबईच्या एका कन्सल्टंटकडून तपासून घेतलं. साहेब बरे होऊन आले, ड्रॉइंगकडे बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, "बरं झालंय," आणि सही केली. पुढे एका मासिकात त्या जिन्यावर उभ्या असलेल्या साहेबांचा फोटो आला. फोटोखाली लिहिलं होतं की हा जिना त्यांना झोपेत सुचला. सीतारामांच्या मते साहेबांनी झोपेत केलेलं हे एकमेव काम होतं.

एक्याऐंशी साली उद्घाटन झालं. सीताराम नवा शर्ट घालून गेले. दारावरच्या माणसाने नाव विचारलं, यादी पाहिली आणि त्यांना मागच्या दाराने जायला सांगितलं. ऑफिसच्या स्टाफचं जेवण स्वयंपाकघराच्या मागे, गॅसच्या सिलिंडरांशेजारी मांडलं होतं. सीताराम जेवले नाहीत. भाईंदरला येऊन वडापाव खाल्ला आणि घरी गेले. त्यानंतर बेचाळीस वर्षं त्यांनी त्या हॉटेलात पाऊल टाकलं नाही.

मधल्या काळात टिपणीससाहेब गेले, ऑफिस बंद झालं, शेठही गेले. दर्यादर्शनची रया गेली. खारी हवा खांबांच्या पोटात शिरली आणि सागवानाला तडे जाऊन आतली सळई दिसायला लागली. मग शेठच्या नातवाने ते पुन्हा उभं करायचं ठरवलं, आणि दुरुस्तीआधी इमारत तपासायचं काम ठाण्याच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसकडे आलं. त्या ऑफिसात सीतारामांची नात मृणाल दोन वर्षांपासून नोकरी करत होती.

तिनेच आपल्या साहेबांना सांगितलं, "सर, याची मूळ ड्रॉइंग्ज आमच्या घरी आहेत. पत्र्याच्या नळकांड्यात."

आठवड्याभरात हॉटेलचे दोघे आंबिवलीला आले. दिपेश नावाचा तरुण मॅनेजर, पायात मोज्यांशिवाय बूट, आणि विनिता नावाची बाई, जी हॉटेलच्या इतिहासावर पुस्तक लिहीत होती. मृणालने चहा केला. दिपेशने सोफ्याच्या कडेला बसून सांगायला सुरुवात केली की हॉटेलचं नाव आता कासा फेलिसिया होणार.

"हे कोण?" सीतारामांनी विचारलं.

"डोना फेलिसिया. काका, ॲक्च्युअली अठराशे चौऱ्याऐंशीमध्ये एका पोर्तुगीज उमरावाने बायकोसाठी तिथे समुद्रमहाल बांधलेला. आपलं हॉटेल त्याच्यावरच उभं आहे. म्हणजे बेसिकली तोच महाल."

सीतारामांनी कप खाली ठेवला. "तिथे खडक होता. खडकावर बाभूळ होती. मी स्वतः प्लेन टेबल लावून मोजणी केली आहे."

"हो, पण लोकांमध्ये तशी आख्यायिका आहे."

"कुठल्या लोकांत?"

दिपेशने विनिताकडे पाहिलं. विनिताने पिशवीतून पुस्तकाची कच्ची पानं काढून दिली. सीतारामांनी चष्मा लावला आणि शाळामास्तर निबंध वाचतो तसं मोठ्याने वाचायला घेतलं. घुमट म्हणजे डोनाचं प्रार्थनागृह. बुरुजात उमराव दुर्बिणीने जहाजं पाहायचा. खांब ब्रह्मदेशच्या सागाचे, व्हरांड्याच्या फरशा लिस्बनहून आलेल्या. आणि जिना एका इटालियन कारागिराचा. डोनाच्या पायघोळ झग्याला अडथळा नको म्हणून पायऱ्या बुटक्या ठेवलेल्या, आणि दर सात पायऱ्यांनंतरचा टप्पा म्हणजे उमरावाने ओलांडलेले सात समुद्र.

मृणाल बशीतल्या बिस्किटांकडे बघत राहिली.

"बाई," सीताराम विनिताला म्हणाले, "साष्टीतून पोर्तुगीज गेले सतराशे सदतीसला. तुमचा उमराव दीडशे वर्षं कुठे दडून बसला होता?"

विनिता लाल झाली. "मला हॉटेलकडून जी माहिती आली, त्यावरून मी लिहिलं."

"आणि हॉटेलला कुठून आली?"

"काका, हे स्टोरीटेलिंग आहे," दिपेश मधे पडला. "गेस्टला फील पाहिजे असतो. एक्याऐंशी सालचं हॉटेल म्हटलं तर कोण येणार? एक्याऐंशी म्हणजे जुनं पण नाही आणि नवं पण नाही."

सीतारामांना त्याचा राग आला नाही. राग यायला समोरचा आपल्या तोडीचा लागतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी जिन्याची खरी हकीकत सांगितली, पायऱ्यांच्या उंचीसह आणि सखुबाईच्या गुडघ्यासह. दिपेशने मान डोलावली, मोबाईलवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "खूप इंटरेस्टिंग आहे. बघतो कुठे बसवता येतं का." मग मुद्द्यावर आला. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून काचेची लिफ्ट न्यायची होती. त्यासाठी जिन्याचं ड्रॉइंग हवं होतं.

"नेऊ नका," सीताराम म्हणाले. "तो जिना भिंतीतून बाहेर आलाय. लिफ्टसाठी पायऱ्यांची कड जरी कापली तरी खाली येईल."

"म्हणूनच ड्रॉइंग पाहिजे ना, आबा," मृणाल हळूच म्हणाली. "नाही मिळालं तर हे अंदाजाने कापतील."

सीताराम उठले, कपाटावरून नळकांडं काढलं आणि सगळे ट्रेसिंग पेपर तिच्या हातात दिले. "स्कॅन कर आणि परत आण. यांच्यासाठी देत नाही. तिथे माणसं झोपणार आहेत, म्हणून देतोय."

ड्रॉइंग पाहिल्यावर मृणालच्या ऑफिसने स्पष्ट लिहून दिलं की जिन्याला हात लावायचा नाही. लिफ्ट इमारतीच्या बाहेरून गेली. खांबांची दुरुस्ती झाली, वरून पुन्हा सागवान रंगवण्यात आलं, आणि वर्षभराने कासा फेलिसियाच्या उद्घाटनाचं आमंत्रण आंबिवलीला आलं. सोनेरी अक्षरांत, मागे लाटेचं चित्र.

"जायचं नसेल तर नका जाऊ," मृणाल म्हणाली. "पण आलात तर तिथे काही बोलू नका हं. सर असणार आहेत. पुढच्या विंगचं काम पण आम्हालाच मिळेल असं चाललंय."

"मी कशाला बोलू? मला बघायचंय फक्त."

रविवारी सकाळी ऑफिसच्या गाडीतून घोडबंदर रोडने दोघं निघाले. सीतारामांनी पांढरा शर्ट घातला होता. या वेळी दारावरच्या माणसाने नाव विचारलं नाही, वाकून नमस्कार केला आणि गळ्यात शंखांची माळ घातली. सीतारामांनी ती काढून कुंडीवर अडकवली.

लॉबीत शिरल्यावर ते थांबले. आजूबाजूला सगळा ओशाळवाणा थाट होता, झुंबरं, पितळी दुर्बीण, डोना फेलिसियाचं तैलचित्र, ज्यातली डोना एखाद्या जाहिरातीतल्या बाईसारखी दिसत होती. पण जिना जसाच्या तसा होता. त्यांनी तो काढला होता, चढले मात्र कधी नव्हते. सत्तर वर्षांचे पाय होते, गुडघे कुरकुरत होते. ते चढायला लागले. सात पायऱ्या झाल्या, टप्पा आला, दम न लागता दुसऱ्या सात झाल्या. वर पोहोचले तेव्हा त्यांना कुठेही धाप लागलेली नव्हती. कठड्यावर हात ठेवून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.

खाली आले तर जिन्याशेजारच्या भिंतीपाशी गर्दी होती. काचेच्या मोठ्या चौकटीत, पिवळट कागदावर, एक ड्रॉइंग लावलेलं होतं. दिपेश पाहुण्यांना सांगत होता, "हे ओरिजिनल. अठराशे चौऱ्याऐंशीचं. इटलीतल्या कारागिराने स्वतः काढलेलं. आम्हाला लिस्बनच्या एका जुन्या संग्रहातून मिळालं."

सीताराम पुढे झाले. आपलं अक्षर माणूस आरशातल्या तोंडासारखं ओळखतो. नऊचा आकडा, खालून किंचित आत वळवलेला, त्यांच्याशिवाय ठाणे जिल्ह्यात तसा कोणी काढत नव्हतं. खालचा उजवा कोपरा कापला होता, जिथे तारीख, साहेबांची सही आणि एस. आर. ओ. होतं. उरलेल्या कागदाला चहाच्या रंगात बुडवून जुना केला होता. पण बाकीचं वाचायची कोणी तसदी घेतली नव्हती.

शेजारी एक वयस्कर बाई चष्मा वर करून अक्षरं लावत होत्या. सीतारामांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतंय का हे?"

"येतंय. मीच लिहिलंय."

बाई हसल्या, त्यांना चेष्टा वाटली. सीतारामांनी काचेवर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. आवाज चढवला नाही. ही इथे सळईची जात दिली आहे, टॉर. ही आपल्याकडे माझ्या लहानपणानंतर आली. हे काँक्रीटचं मिश्रण. आणि ही वरच्या कडेला टीप आहे, 'ओव्हरहेड टँक, पन्नास हजार लिटर, तपशील शीट चौदामध्ये'. शीट चौदा माझ्या घरी आहे. तीच टाकी म्हणजे डोनाचं प्रार्थनागृह.

गर्दीतून कोणी तरी खुसखुसलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जवळ येऊन वाचलं आणि बायकोला सांगितलं, "अगं, बरोबर सांगतायत ते."

दिपेशचा चेहरा पांढरा पडला. तो सीतारामांशी बोललाच नाही, मृणालकडे वळला. "मॅडम, प्लीज, काकांना जरा समजवा. वयामुळे गोंधळ होतो. तुम्ही सांगा सगळ्यांना."

मृणालचे साहेब चार पावलांवर हातात सरबताचा ग्लास घेऊन उभे होते. मृणालने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे.

"आमच्या रिपोर्टमध्ये बांधकामाचं साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर ते एक्याऐंशी आहे," ती म्हणाली. "पहिल्याच पानावर. तुमची सही आहे त्याच्यावर. आणि हे ड्रॉइंग मी स्कॅन करून तुम्हाला दिलेलं, तेव्हा याला कोपरा होता."

वयस्कर बाईंनी विचारलं, "पण पायऱ्या इतक्या सोप्या कशा हो? मी एका दमात वर गेले."

सीतारामांनी त्यांना सखुबाईची गोष्ट सांगितली. बाईंनी पर्समधून छोटी वही काढली. "नाव लिहून ठेवते. सखुबाई काय? आडनाव?"

सीताराम बोलायला गेले आणि थांबले. त्यांना आडनाव माहीत नव्हतं. तीन वर्षं ती साईटवर होती, तिच्या पायावर त्यांनी आयुष्यातलं एकमेव चांगलं काम बेतलं होतं, आणि आडनाव विचारलं नव्हतं. गाव कुठलं, मुलं किती, पुढे कुठे गेली, काही नाही. मागच्या दाराने जायला सांगणाऱ्याला त्यांनी बेचाळीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. पण त्या माणसाने निदान नाव तरी विचारलं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं."

जेवायला थांबायचा प्रश्नच नव्हता. परतताना घोडबंदर रोडला गाडीत मृणालचे साहेबही होते. गायमुखाला म्हणाले, "पुढची विंग गेली आपली." मग पुलापाशी गाडी अडकल्यावर म्हणाले, "रिपोर्ट तर बदलता आला नसताच." मृणालची नोकरी टिकली. विंग दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ड्रॉइंग आठवड्यात भिंतीवरून उतरलं आणि त्याच जागी उमरावाचं तैलचित्र आलं, डोनाच्याच चित्रकाराने काढलेलं, मिशा तेवढ्या वाढवून.

महिन्याभराने विनिताचं पार्सल आलं. पुस्तक छापून झालं होतं. गुळगुळीत कागद, एकशे छत्तीस पानं. सीतारामांनी शेवटचं आभाराचं पान आधी उघडलं. तिथे त्यांचं नाव होतं, 'स्थानिक लोककथा पुरवल्याबद्दल श्री. ओव्हाळ'.

ते हसले. मृणाल म्हणते की आबांना असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते कल्याणला जाऊन लाल पेन्सिल घेऊन आले. नौपाड्याच्या ऑफिसात नवशिक्यांची ड्रॉइंग्ज तपासायचे, तशी त्यांनी एकशे छत्तीस पानं तपासली. अकरा दिवस लागले. प्रार्थनागृहावर काट मारून 'टाकी' लिहिलं, दुर्बिणीच्या बुरुजावर 'धुराडं', ब्रह्मदेशच्या सागावर 'सिमेंट, रंग कल्याणचा'. विरामचिन्हंही सुधारली. शेवटच्या पानावर 'तपासले' असं लिहून तारीख घातली, आणि या वेळी पूर्ण नाव लिहिलं, सीताराम रामजी ओव्हाळ, आंबिवली. पुस्तक पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने हॉटेलला पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी विनिताचा फोन आला. पुस्तक हॉटेलातून तिच्याकडे पाठवलं होतं. ती बराच वेळ चाचरत होती.

"सर, मी सगळं वाचलं. लाज वाटली मला. दुसरी आवृत्ती निघाली तर मी नक्की..."

"काढू नका," सीताराम म्हणाले. "कागद वाया जातो."

आणि त्यांनी फोन ठेवला, कारण पोस्टमन दारात उभा होता. पोचपावती आली होती. तिच्यावर कासा फेलिसियाचा गोल शिक्का होता, आणि शिक्क्याच्या मधोमध, अठराशे चौऱ्याऐंशी.